कमरेवरची जखम आणि पुस्तकात नसलेलं उत्तर

(गासमध्ये झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. वक्त्या त्वचारोगतज्ज्ञ आहेत. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

माईक लागलाय ना? मागच्या रांगेत ऐकू येतंय? बरं.

स्वतःच्या गावात भाषण करायचं म्हणजे अवघडच काम. समोर बसलेल्या निम्म्या बायकांनी मला शाळेत जाताना पाहिलंय, आणि उरलेल्या निम्म्यांच्या पाठी आणि टाचा मी दवाखान्यात पाहिल्यात. (हशा) त्यामुळे डॉक्टर म्हणून ऐट मारायची सोय नाही. मला विषय दिला होता 'त्वचेचे आजार आणि घ्यायची काळजी'. तो मी जरा बदलून घेतलाय. साबण कुठला वापरायचा, उन्हात काय लावायचं, हे परत कधीतरी. आज एका जखमेबद्दल बोलायचंय. कमरेवरच्या. आणि एखाद्या आजारावर काय करायचं हे पुस्तकात धड लिहिलेलंच नसतं, तेव्हा डॉक्टर काय करतो, त्याबद्दल.

ज्या मावशींची गोष्ट सांगणार आहे, त्यांना विचारून सांगतेय. वय, घर, गाव सगळं थोडं बदललंय. कोण असेल, कोण असेल असं करत बसू नका. त्या माझ्याशी कादोडीत बोलल्या होत्या. हे रेकॉर्डिंग बाहेरही ऐकलं जातं म्हणून मी मराठीत सांगते.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या पावसाळ्यात. अडुसष्ट वर्षांच्या. सगळा जन्म वाडीत गेलेला. केळी, पानवेल, मोगरा, भाजी. तरुणपणी पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन दादरला जायच्या. अंगावर लाल लुगडं, लग्नापासून तेच. आता आपल्याकडे रोज लुगडं नेसणाऱ्या किती उरल्यात, तुम्हीच बघा. सणाला, लग्नाला नेसतात, फोटो काढतात. पण रोजचं, कामाचं लुगडं नेसणारी ती शेवटचीच पिढी.

त्यांची तक्रार साधी होती. कमरेला खाज येते, काळं पडलंय. त्या दिवशी ओपीडी भरलेली. पावसाळ्यात आमच्याकडे नायट्याचे पेशंट नुसते रांगा लावतात. मी त्यांना उभ्याउभ्याच पाहिलं. त्यांनी लुगडं गाठीच्या वर दोन बोटं सरकवलं. मला काळा पट्टा दिसला, त्याच्या कडेला नायटा दिसला. मी गोळ्या लिहिल्या, मलम लिहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

गाठ सोडायला मी सांगितलं नाही.

चार महिन्यांनी त्यांची सून त्यांना घेऊन आली. कारण काय, तर कपड्यांना वास येतो. या खेपेला मी त्यांना टेबलावर झोपवलं, पडदा ओढला, गाठ सोडली. गाठीच्या बरोबर खाली, उजव्या बाजूला, फडक्याची एक घडी ठेवलेली. ती उचलली तर खाली जुन्या रुपयापेक्षा मोठी जखम. कडा वर आलेल्या, बोटाला टणक लागणाऱ्या. मध्ये लालभडक, नुसतं गॉज टेकवलं तरी रक्त. मी विचारलं, किती दिवस झाले? "दोन वर्षं तरी झाली असतील." मग मागच्या वेळी का नाही दाखवलीत? तर म्हणाल्या, "बाय, तू विचारलंस कुठे?"

मी त्यावर काही बोलू शकले नाही. अजूनही त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

आता ही जखम काय असते ते सांगते. लुगडं, साडी, धोतर यांचा सगळा भार कमरेच्या एका अरुंद रेषेवर असतो. परकराची नाडी तर बोटभरही रुंद नसते. ती रोज त्याच जागी, त्याच बाजूला घट्ट बांधली जाते. वाकायचं, बसायचं, डोक्यावर टोपली घ्यायची, आणि प्रत्येक हालचालीला नाडी त्याच जागी घासते. त्यात आपला घाम, वाडीतली माती, दमट हवा. आधी खाज, मग काळेपणा, त्वचा जाड होते, कुठे पांढुरकी होते. बहुतेक जणींचं तिथेच थांबतं. हे नीट ऐका: बहुतेक जणींचं तिथेच थांबतं. इथे बसलेल्या कितीतरी जणींच्या कमरेला असा पट्टा असेल, आणि तो कॅन्सर नाही. पण क्वचित एखादीची त्वचा फाटते, जखम होते, भरते, परत फाटते. असं वर्षानुवर्षं चाललं की भरून येणाऱ्या पेशी कधीतरी ताळ सोडतात. जुन्या व्रणात, भाजल्याच्या जागेत, न भरणाऱ्या जखमेत होणाऱ्या या प्रकाराला मारजोलीन अल्सर म्हणतात. मारजोलँ नावाच्या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये व्रणावर होणाऱ्या अशा जखमांचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. गंमत अशी की हा कॅन्सर असू शकतो हे त्याने म्हटलेलं नव्हतं. ते पुढच्या लोकांच्या लक्षात आलं.

आणि आपल्याकडे हे कोणाच्या लक्षात आलं? मुंबईतल्या माणसाच्या. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथे वसंत रामजी खानोलकर हे पॅथॉलॉजिस्ट होते. नेहमीच्या कामात समोर येणारे कॅन्सर ते नुसते मोजत नव्हते. हा माणूस कुठला, काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हे विचारत होते. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी मिळून एक लेख छापला. भारतातल्या सवयींशी जोडलेले कॅन्सरचे तीन नवे प्रकार, असा त्याचा विषय. एक, खैनी ठेवून ओठाच्या आत होणारा. दुसरा, चुट्टा उलटा, म्हणजे पेटतं टोक तोंडात ठेवून ओढल्याने टाळूला होणारा. आणि तिसरा, धोतर जिथे कसून बांधतात तिथे कमरेच्या त्वचेला होणारा. तेव्हापासून त्याला 'धोती कॅन्सर' म्हणतात.

पाहा, पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलेलं आहे, आपल्यापासून लोकलने दीड तासावर. आणि नाव पडलं धोतरावरून. साडी, परकर नेसणाऱ्या बायका काय तेव्हा नव्हत्या? 'साडी कॅन्सर' हे नाव घेऊन 'बॉम्बे हॉस्पिटल जर्नल'मध्ये लेख आला तो २००५ मध्ये. मधल्या साठ वर्षांत बायकांच्या कमरेवर जखमा झाल्या नसतील, असं मला वाटत नाही. माझं मत विचाराल तर बायकांनी त्या दाखवल्या नाहीत आणि डॉक्टरांनी गाठ सोडायला सांगितलं नाही. मी तरी कुठे सांगितलं होतं?

मग २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तुमच्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरला. 'साडी नेसल्याने कॅन्सर!' मला तो एका दिवसात अकरा जणांनी पाठवला. एकीने विचारलं, आता सगळ्या साड्या देऊन टाकू का? (हशा) मूळ बातमी खरी होती, मेसेज वाह्यात होता. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन बायकांची हकीकत छापली होती. एक सत्तरीची, साडीखाली परकर घट्ट बांधणारी, उजव्या बाजूला दीड वर्षं न भरलेली जखम. दुसरी साठीच्या शेवटाकडची, परकर न घालता नुसतं लुगडं नेसणारी, चाळीस वर्षं. तिची जखम दोन वर्षांची, आणि तिच्या जांघेतल्या गाठीपर्यंत आजार पोचलेला. परदेशी नियतकालिकात 'लुगडं' हा शब्द छापलेला पाहून मला एकदम माझी आजीच समोर उभी राहिली.

साडी, लुगडं, धोतर हे दोषी नाहीत. कोट्यवधी बायका जन्मभर साडी नेसतात, त्यांना काही होत नाही. घासणारी नाडी आणि दुर्लक्षित जखम, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर घोटाळा होतो. काश्मीरमध्ये फेरनच्या आत पोटाशी निखाऱ्याची कांगडी धरतात, तिथे मांडीवर, पोटावर असाच कॅन्सर होतो. १८६६ पासून त्याची नोंद आहे. जिथे जसं जगणं, तिथे तशी जखम.

आता परत मावशींकडे येऊ. मी लगेच बायप्सी केली. म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवायचा. आठवड्याने रिपोर्ट आला: कॅन्सर नाही. घरचे खूश झाले. सुनेने पेढे आणले. मी पेढा खाल्ला, पण माझं काही समाधान होईना. कारण जुन्या जखमेच्या कडेला त्वचा अशी काही वेडीवाकडी वाढते की सूक्ष्मदर्शकाखाली कधी कॅन्सर नसून कॅन्सर वाटतो, आणि कधी कॅन्सर असून नुसती वाढ वाटते. तुकडा वरवरचा निघाला असेल तर खालचं कळतच नाही. मी पॅथॉलॉजिस्टना फोन केला. ते म्हणाले, खोली कमी आहे, कडेवरून परत पाठवा, तीन-चार जागांहून. मावशींना परत टोचायचं म्हणजे काय, ते घरी समजावताना माझी पुरेवाट झाली. एकदा 'नाही' आलंय ना, मग परत कशाला? मुलगा तर म्हणाला, डॉक्टरला बिल वाढवायचंय. मी फी घेतली नाही. दुसऱ्या बायप्सीत निघाला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.

इथून पुढची गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती कोणी पेशंटला सांगत नाही.

स्तनाचा कॅन्सर, तोंडाचा, गर्भाशयाच्या मुखाचा, असं काही निघालं तर डॉक्टरसमोर वाट आखलेली असते. आधी ही तपासणी, मग हे ऑपरेशन, एवढी गाठ असेल तर केमो आधी, तेवढी असेल तर नंतर. त्याला गाइडलाइन म्हणतात. २०१२ पासून आपल्या देशात नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, तीनशेहून जास्त केंद्रं त्यात आहेत, नेहमीच्या कॅन्सरसाठी त्यांनी अशा गाइडलाइन काढल्यात. चंद्रपूरच्या बाईला आणि चर्चगेटच्या बाईला सारखाच उपचार मिळावा, हा त्यामागचा विचार. चांगलंच आहे ते.

पण गाइडलाइन आभाळातून पडत नाहीत. शेकडो, हजारो पेशंटवर दोन उपचारांची तुलना होते, तेव्हा कुठे एक ओळ लिहिली जाते. वर्षाला लाखात सहापेक्षा कमी लोकांना होणारा कॅन्सर युरोपात दुर्मीळ धरतात. त्यातला एकेक प्रकार दुर्मीळ, पण सगळे एकत्र केले तर तिथल्या दर पाच कॅन्सर पेशंटांमध्ये एक तरी असा दुर्मीळवाला निघतो. म्हणजे दुर्मीळ असणं हे तसं दुर्मीळ नाही. तुलना करायला पुरेसे पेशंट एका डॉक्टरकडे जन्मभरात येत नाहीत, मग लिहिणार काय?

मावशींच्या बाबतीत तर आणखी एक पेच. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा नुसता घेतला, तर जगात अजिबात दुर्मीळ नाही. गोऱ्या कातडीच्या देशांत तो उन्हाने होतो, चेहऱ्यावर, कानावर, टकलावर, आणि खूप लोकांना होतो. त्याच्या जाडजूड गाइडलाइन आहेत. मी त्या उघडल्या. सगळं लिहिलंय. फोटो आहेत. ऑस्ट्रेलियातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कानासाठी लिहिलंय ते. पन्नास वर्षं नाडी घासून झालेल्या, दोन वर्षं फडक्याखाली झाकलेल्या, सावळ्या कमरेवरच्या जखमेसाठी नाही. गाइडलाइन होती, दुसऱ्याच माणसाच्या मापाने शिवलेली होती.

फरक कुठे पडतो ते सांगते. साधा, कमी धोक्याचा उन्हाचा कॅन्सर काढताना भोवतालची चार ते सहा मिलिमीटर चांगली कातडी बरोबर काढतात. जुन्या जखमेतला कॅन्सर जास्त आडदांड असतो, लवकर पसरतो, म्हणून त्याच्याबद्दल लिहिणारे बरेच सर्जन दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त काढा म्हणतात. चार मिलिमीटर कुठे आणि दोन सेंटिमीटर कुठे! एकात टाके घालून भागतं, दुसऱ्यात मांडीची कातडी काढून कमरेवर लावावी लागते. आणि ती लावलेली नाजूक कातडी नेमकी कुठे येणार? लुगड्याच्या गाठीखाली.

दुसरा प्रश्न पसरण्याचा. त्वचेचा कॅन्सर पसरला तर आधी जवळच्या लसिकाग्रंथींत जातो, ज्यांना आपण अवधाणाच्या गाठी म्हणतो. मराठीची पण कमाल आहे, लुगड्याचीही गाठ, कॅन्सरचीही गाठ आणि या पण गाठी. तर आपल्या अंगावर बेंबीच्या आसपास एक आडवी रेघ आहे अशी कल्पना करा. तिच्या वरच्या कातडीचा निचरा काखेतल्या गाठींकडे होतो, खालच्या कातडीचा जांघेतल्या गाठींकडे. पावसाचं पाणी घाटमाथ्यावरून एकीकडे कोकणात आणि दुसरीकडे देशावर उतरतं ना, तसं. आणि मावशींची जखम नेमकी त्या घाटमाथ्यावर! मग शोधायचं कुठे? काखेत की जांघेत?

मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या ट्यूमर बोर्डासमोर ही केस ठेवली. ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, पॅथॉलॉजिस्ट, सगळे एकत्र बसून एका पेशंटबद्दल ठरवतात. वीस मिनिटं चर्चा झाली आणि दोन मतं पडली. एक ज्येष्ठ सर्जन म्हणाले, ही जात वाईट आहे, जांघेतल्या गाठी आत्ताच काढून टाका, नंतर पस्तावाल. दुसरे म्हणाले, पुरावा काय? गाठी काढल्या तर पाय सुजेल, जन्मभर सुजलेला राहील. बाई वाडीत काम करते. दोघांचंही बरोबर होतं. दोघांकडेही स्वतःचे चार-पाच पेशंट आणि वाचलेले काही लेख, यापलीकडे आधार नव्हता. शेवटी ठरलं ते असं: दोन्ही जांघा आणि दोन्ही काखांची सोनोग्राफी, एक गाठ जरा मोठी दिसली तिच्यातून सुईने तपासणी. त्यात कॅन्सर नाही निघाला, तर जखम दोन सेंटिमीटर सोडून काढायची, गाठींना हात लावायचा नाही, पण दर दोन महिन्यांनी तपासायचं. सुईत काही निघालं नाही.

आता हे मावशींना सांगायचं होतं. आम्हाला कॉलेजात वाईट बातमी कशी सांगायची ते थोडंफार शिकवतात. 'मला नक्की माहीत नाही' हे कसं सांगायचं, ते नाही शिकवत. पेशंटचा विश्वास उडेल, अशी भीती असते. मी सगळं सांगितलं. दोन मतं पडली तेही सांगितलं. सून घाबरली. मावशींनी शांतपणे विचारलं, "मग तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?" म्हटलं, मावशी, पुस्तकात हे नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. गाठी काढल्या तर मी उकिडवी बसू शकेन का? नाही काढल्या आणि नंतर आजार तिथे निघाला तर तेव्हा काढता येतील का? पहिल्याला म्हटलं, बसाल, पण त्रास होईल. दुसऱ्याला म्हटलं, लवकर सापडला तर बहुतेक वेळा येतील, पण हमी देत नाही. त्या म्हणाल्या, "मग बघत राहू. पण तू बघायचंस." ट्यूमर बोर्डाला वीस मिनिटं लागली होती. (हशा)

हा निर्णय बरोबर होता का? मला माहीत नाही. खरंच नाही. आज ऑपरेशनला चौदा महिने झालेत, कडा स्वच्छ आल्या होत्या, गाठी शांत आहेत. पण पसरायचा असेल तर अजूनही पसरू शकतो. त्या ज्येष्ठ सर्जनांचं म्हणणं उद्या खरं ठरलं, तर मी त्यांना फोन करून सांगणार आहे.

इथे कोणी म्हणेल, मग हे अंदाजपंचेच झालं की. तसं नाही. नियम नसताना वागायचीही एक रीत असते. आमच्या त्वचारोगात पेम्फिगस नावाचा आजार आहे. अंगभर फोड येतात, फुटतात, तोंडात इतके की घोटभर पाणी जात नाही. हाही दुर्मीळच, आणि पूर्वी माणसं यातून वाचत नसत. पुढे स्टिरॉइडच्या गोळ्या आल्या, पण त्या इतक्या जास्त द्याव्या लागत की त्यांचाच त्रास होई. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचांनी १९८० च्या दशकात वेगळीच पद्धत काढली. महिन्यातून तीन दिवस सलाईनमधून जोरदार डोस, मधल्या काळात दुसरी गोळी. मोठ्या तुलनात्मक चाचण्या तेव्हा हाताशी नव्हत्या. पण त्यांनी प्रत्येक पेशंटची नोंद ठेवली, शेकडो पेशंटची, वर्षानुवर्षं, आणि ती छापली. देशभरातल्या डॉक्टरांनी ती पद्धत उचलली. आज रिटुक्सिमॅब आलंय, ती पद्धत मागे पडत चाललीये, ठीकच आहे. पण मधल्या काळात कितीतरी माणसं त्यावर जगली. पसरिचांनी आणि खानोलकरांनी एकच गोष्ट केली: विचारलं, आणि लिहून ठेवलं.

म्हणून मी मावशींची केस लिहून काढलीये, मोजमापासकट. पहिल्या भेटीत जखम माझ्या नजरेतून सुटली, तेही त्यात आहे. मैत्रीण म्हणाली, ते कशाला लिहितेस, तुझंच नाव खराब होईल. मी ठेवलंय. पुढच्या डॉक्टरला 'गाठ सोडून बघा' एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

आता लुगड्याचं काय? ऑपरेशननंतर मी मावशींना म्हटलं, आता गाऊन घाला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. मग आम्ही दोघींनी तोडगा काढला, म्हणजे खरं तर त्यांनीच काढला. जुन्या सुती लुगड्याचा चार बोटं रुंद पट्टा शिवला, तो आधी कमरेला सैल गुंडाळायचा, त्यावर लुगडं. गाठ एक दिवस डावीकडे, एक दिवस पुढे; उजवीकडे, ऑपरेशनच्या जागी, कधीच नाही. घरी असल्या की सैल, रात्री झोपताना तर नाहीच. तुम्ही परकर वापरणाऱ्यांनी नेफ्यात सुतळीसारखी नाडी घालण्याऐवजी रुंद पट्टी घाला. रोज एकाच जागी कसू नका. पट्टा काळा पडला असेल, खाज येत असेल, तर मेडिकलवाल्याकडून तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब आणू नका. त्यात स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा दुप्पट होतो, कातडी पातळ होते आणि पातळ कातडी लवकर फाटते. मावशींच्या घरी अशा सात ट्यूब निघाल्या.

आणि जखम? साधी जखम महिन्या-दीड महिन्यात भरायला हवी. नाही भरली, किंवा भरून परत त्याच जागी फुटली, कडा उचलल्या, टणक झाल्या, फुलकोबीसारखं मांस वर आलं, वास यायला लागला, हात लागताच रक्त आलं, तर तुकडा काढून तपासायलाच हवा. डॉक्टर बघत नसेल तर सांगा, गाठ सोडते, बघा. पहिल्या रिपोर्टमध्ये काही नाही आलं आणि जखम तशीच राहिली, तर परत जा. पुरुषमंडळी, मागे उभे राहून हसू नका. तुमचा करदोडा, पट्टा आणि धोतर यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न? हो, बोला काकी. मोठ्याने. काकी विचारतायत, टाका मारला, सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात, ते खरं का? नाही काकी. अशा जखमेच्या बायप्सीने पसरत नाही. दोन वर्षं फडक्याखाली ठेवल्याने पसरतो.

अजून कोणाला? इथे सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर ठीक आहे, मला अंदाज होताच. स्टेजच्या डाव्या हाताला जी खोली आहे तिथे पडदा लावलाय, नर्स ताई बसल्यात, टेबल आहे, दिवा आहे. ज्यांना कंबर दाखवायची आहे त्यांनी एकेकीने यायचं. पैसे नाहीत. घरात पडलेल्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, ज्यांनी आणल्यात त्या बरोबर घ्या. चहा तेवढा आधी पिऊन घ्या, मी हात धुऊन आत जाते.